पाठ नसलेला प्राणी

तारामाशाला पाठ फिरवता येत नाही. वरची बाजू आणि खालची बाजू त्याला आहे. खाली तोंड, वर गुदद्वार. पण पुढचं-मागचं असं काही नाही. उत्तरेकडे सरकत असताना दक्षिणेला खाणं असल्याचा सुगावा लागला, तर तो वळत बसत नाही. दक्षिणेकडचा हात म्होरक्या होतो, बाकीचे त्याच्यामागून निघतात, आणि आत्तापर्यंत पुढे असलेला हात कुरकुर न करता मागे पडतो. आमच्या सोसायटीच्या कमिटीत इतकं सुरळीत सत्तांतर कधी झालेलं नाही.

त्याचे चुलतभाऊ म्हणजे भंगुरतारे. सडपातळ हातांचे, फार चपळ. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री ॲस्टली यांनी त्यांच्या चालीचं चित्रण करून बारकाईनं मोजमाप घेतलं. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. भंगुरतारा पाचांतला एक हात पुढचा ठरवतो आणि त्याच्या दोन बाजूंचे हात वल्ह्यांसारखे मारत निघतो. म्हणजे चालताना त्याला डावं-उजवं असतं, एक मध्यरेषा असते. दिशा बदलायची झाली की अंग न वळवता तो फक्त ‘पुढचा’ हात बदलतो. मध्यरेषाही त्याबरोबर बदलते. पाच बाजूंचा प्राणी चालण्यापुरता दोन बाजूंचा होतो, आणि थांबला की पुन्हा पाचांचा.

हे वाचल्यापासून माझ्या मनात एक शंका घर करून बसली आहे. या प्राण्यांनी ‘दोन’ खरंच सोडलंय का?

शाळेच्या पुस्तकात हा विषय दोन ओळींत संपतो. कंटकचर्मी प्राणिसंघ: तारामासा, सी अर्चिन, समुद्रकाकडी, भंगुरतारा, सागरलिली. प्रौढावस्थेत अरीय सममिती (मध्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी सारखी अंगं), डिंभावस्थेत, म्हणजे पिल्लू असताना, द्विपार्श्व सममिती (डावं-उजवं सारखं). आज जिवंत असलेल्या जाती सुमारे सात हजार, सगळ्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यात एकही नाही. दोन गुणांच्या प्रश्नाला एवढं पुरतं. पण एकाच प्राण्याच्या एकाच आयुष्यात दोन वेगळे आराखडे कसे, हा प्रश्न तेव्हा वर्गात कोणी विचारल्याचं आठवत नाही. मीही विचारला नव्हता.

पुढे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगला तारामासा आला की सगळ्यांना हायसं वाटायचं. फॉर्मॅलिनमध्ये पडून फिकट झालेला, पाच हातांचा, ओळखायला सोपा. जर्नलमध्ये आकृती काढताना मुलं वर्तुळ काढून बहात्तर-बहात्तर अंशांचे कोन पाडायची. आमच्या बाई मात्र म्हणायच्या, आधी मॅड्रेपोराइट काढा, मग हात. मॅड्रेपोराइट ही वरच्या अंगावरची, बारीक भोकांची, चाळणीसारखी चकती. समुद्राचं पाणी तिच्यातून आत जातं, एका नळीतून तोंडाभोवतीच्या कड्यात उतरतं, तिथून पाच हातांमधल्या पाच नळ्यांत आणि शेवटी शेकडो नलिकापादांत, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांत. तारामाशाचं चालणं, धरणं, शिंपला उघडणं, सगळं या पाण्याच्या जोरावर.

बाईंच्या आग्रहाचं कारण असं की ही चकती मधोमध नसते. दोन हातांच्या बेचक्यात, एका बाजूला असते, आणि एकच असते. ती एकदा काढली की पाच सारख्या हातांची समजूत मोडते. तारामाशाला बरोबर दुभागणारी रेघ मग एकच उरते: चकतीतून निघून समोरच्या हाताच्या टोकाला जाणारी. हर्बर्ट कार्पेंटर या इंग्रज अभ्यासकानं १८८४ मध्ये या प्राण्यांच्या पाच अंगांना ए ते ई अशी अक्षरं दिली. चकतीच्या समोरचा हात ए, तिच्या शेजारचे दोन सी आणि डी. अक्षरं देता आली, कारण हात एकसारखे नव्हते.

कोकणात माझ्या आजोळी रापण ओढली की मासळीबरोबर वाळूतले तारामासेही येतात. ॲस्ट्रोपेक्टन नावाचा, कडेला काट्यांची रांग असलेला. रापणकरांना त्याचा उपयोग नाही, ते त्याला बाजूला टाकतात. आम्ही पोरं ते उचलून पुन्हा पाण्यात सोडायचो. पालथे टाकले तर हात मुडपून सुलटे व्हायचे. त्याला वर-खाली नीट कळतं, हे मी जर्नलच्या आधी तिथं शिकले होते. पण ते वर-खाली आलं कुठून, हे कळायला फार वर्षं गेली.

त्यासाठी त्याच्या पिल्लाकडे जावं लागतं. १८४६ च्या सुमारास योहानेस म्युलर हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटाजवळ बारीक कापडाची जाळी पाण्यातून ओढत होता. जाळीत एक काचेसारखा पारदर्शक, लांब लांब पाय असलेला सूक्ष्म जीव आला. हा कोणाचा कोण, हे ठरत नव्हतं. पुढे लक्षात आलं की हे कंटकचर्मींचंच पिल्लू. आईशी त्याचं काहीही साम्य नाही. त्याला डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे, तोंड, आतडं, आणि पोहायला केसांचे पट्टे. ते पुढे पोहतं, मागे नाही. आराखड्यापुरतं बोलायचं तर ते तुमच्या-माझ्यासारखं आहे.

त्या पिल्लाच्या पोटात दोन्ही अंगांना पातळ पिशव्या असतात, जोड्याजोड्यांनी. काही आठवडे सगळं समसमान चालतं. मग डावीकडची मधली पिशवी वाढायला लागते. उजवीकडची तिची जोडीदार खुरटते. डावीला पाच कोंब फुटतात, ती कड्यासारखी वाकते, आणि त्या पाच कोंबांतून पाच नळ्या तयार होतात, त्याच नळ्या ज्या पुढे पाच हातांत जाणार. प्रौढ प्राणी असा पिल्लाच्या डाव्या कुशीत घडत राहतो. पूर्ण घडला की अर्चिनचं पिल्लू तळाला बसतं आणि फार तर तासा-दोन तासांत पिल्लाचं शरीर आक्रसून संपतं. उरतो तो पाच बाजूंचा, काटेरी, टाचणीच्या डोक्याएवढा अर्चिन. लुइडिया सार्साय या तारामाशाचं तर आणखी विचित्र आहे. त्याचं पिल्लू चांगलं मोठं, काही सेंटिमीटर वाढतं. त्याच्या अंगावरचा छोटा तारामासा सुटून तळाला जातो, आणि पिल्लू तसंच पोहत राहतं. आता यातलं ‘तो’ कोण?

नवं तोंड उघडतं तेही डाव्या बाजूला. म्हणजे प्रौढ तारामाशाची खालची, तोंडाची बाजू ही पिल्लाची डावी बाजू, आणि वरची बाजू ही पिल्लाची उजवी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. रापणीतला पालथा तारामासा हात मुडपून सुलटा होतो, तेव्हा तो आपलं बालपणीचं डावं-उजवंच सावरत असतो! दोन बाजू त्यानं फेकून दिल्या नाहीत. एका अंगावर आडवं पडून डावं-उजवं त्यानं खाली-वर करून टाकलं.

मी डावखुरी आहे, त्यामुळे ही गोष्ट जरा जास्तच आवडली हे कबूल करते. आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचा पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. मी प्रसादाला हात पुढे केला की आजी विचारायची, “गो, उजवो हात खंय गेलो तुजो?” तिचा राग नसायचा, पण हात बदलल्याशिवाय खोबऱ्याचा तुकडा मिळायचा नाही. गावाखालच्या खडपात, ओहोटीच्या पाण्यात बसलेला प्रत्येक काळा अर्चिन डाव्या अंगातून जन्मलेला आहे, हे तिला सांगायला मिळालं असतं तर मजा आली असती. ती बहुधा म्हणाली असती की म्हणूनच त्याला काटे.

डावीच बाजू का, याचं उत्तर २००५ मध्ये फ्रान्सच्या व्हिलफ्रांश-स्युर-मेर इथल्या प्रयोगशाळेतून आलं. नोडल नावाचा एक जनुक आहे. आपल्यात, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांत, तो गर्भाच्या डाव्या अंगाला जागा होतो, आणि हृदय कोणत्या बाजूला कलावं हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. अर्चिनच्या पिल्लात तोच जनुक उजवीकडे जागा होतो आणि तिथल्या पिशवीला वाढू देत नाही. शास्त्रज्ञांनी नोडल बंद पाडला, तर प्रौढ प्राण्याचे कोंब दोन्ही बाजूंना धरले. तेव्हा डावीला कोणी निवडलेलं नाही, उजवीला मनाई आहे.

पण आपल्यात डावीकडे आणि त्यांच्यात उजवीकडे, असं का? यावरचं स्पष्टीकरण मला फार सुरेख वाटतं. कंटकचर्मी आणि आपण एकाच मोठ्या शाखेतले. कीटक, गोगलगायी, गांडुळं यांच्यापेक्षा तारामासा आपल्याला जवळचा. या शाखेत आपल्या पूर्वजानं कधीतरी पाठ आणि पोट यांची अदलाबदल केली, असं मानायला गर्भविकासातले बरेच पुरावे आहेत. तोंड त्याच दिशेला ठेवून पालथं झालं की डावं तिथं उजवं येतं. जनुक आपल्या जागीच राहिला. उलटे झालो आपण.

जनुकांच्या वाटेनं या पाचाचं मूळ शोधायचाही प्रयत्न झाला, आणि त्यात एक चांगली फजिती आहे. २००६ मध्ये जांभळ्या अर्चिनचा जीनोम वाचून झाला, सुमारे २३,३०० जनुकं. त्यात शरीराचा पुढून-मागे क्रम लावणारे हॉक्स जनुक विसकटलेले निघाले. बहुतेक प्राण्यांत ते रांगेत असतात. इथे पुढचे तीन जनुक उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलेले. झालं, अनेकांना वाटलं सापडलं: रांग मोडली म्हणून आराखडा मोडला, आणि पाच हात आले. मग २०१४ मध्ये प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुटाच्या तारामाशाचे हॉक्स जनुक तपासले गेले. ते छान रांगेत होते. तरी हा प्राणी अरीय, आणि हात तर पाचांहून कितीतरी जास्त. इतकी देखणी कल्पना एका तारामाशानं आडवी केली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लोरां फोर्मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला, तो मी दोनदा वाचला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बॅट स्टार नावाच्या तारामाशात कोणता जनुक कुठे चालू आहे याचा त्यांनी नकाशा काढला. प्रश्न जुनाच: या प्राण्याचं डोकं कुठं? काहींचा अंदाज होता की प्रत्येक हात म्हणजे एक शरीर, हाताच्या टोकाला शरीराचं एक टोक. काहींना तोंड म्हणजे पुढचं टोक वाटायचं. निघालं तिसरंच. डोकं घडवणारे जनुक प्रत्येक हाताच्या मधोमध, पूर्ण लांबीभर, पट्ट्यासारखे चालू; तिथून हाताच्या कडांकडे जावं तसतसे जरा मागच्या भागाचे जनुक. आणि धड घडवणारे जनुक त्वचेत जवळपास गैरहजर. वर्तमानपत्रांनी लिहिलं, तारामासा म्हणजे नुसतं डोकं. मथळा म्हणून ठीक आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: पुढून-मागे जाण्याचा तोच क्रम, जो आपल्या अंगात डोक्यापासून खाली एकदा आहे, तो इथे पाचदा मांडलेला आहे, आणि दर वेळी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. प्रत्येक हाताला स्वतःचं डावं-उजवं आहे. पाचाच्या आत पुन्हा दोन.

हे सगळं आजच्या प्राण्यांचं. कॅम्ब्रियन काळातल्या खडकांत गेलं तर गोंधळच दिसतो, आणि तो मला आवडतो. कंटकचर्मींचं हाड ओळखायला सोपं: कॅल्साइटची बारीक जाळी, आणि प्रत्येक तुकडा जणू एकच स्फटिक. अशी जाळी असलेले पण ताऱ्याच्या आकाराशी काहीही नातं न दिसणारे जीव पन्नास-बावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधला हेलिकोप्लॅकस पिळासारखा गुंडाळलेला, अन्न गोळा करायच्या खाचा तीन. स्पेनमधला टेनोइम्ब्रिकाटा, २०१२ मध्ये वर्णन झालेला, चपटा आणि सरळ दोन बाजूंचा. काही तर कोणत्याच बाजूनं न जुळणारे, एकीकडे फुगलेले. बऱ्याच अभ्यासकांच्या मते क्रम असा: आधी दोन बाजू, मग वाकडं, मग तीन खाचा, आणि तीनांतल्या दोन खाचांना फाटा फुटून पाच. जुन्या पाच खाचांच्या जीवाश्मांत दोन-एक-दोन अशी विभागणी दिसतेही. उलट, पाच आधी आले आणि हे वाकडे नंतर बिघडले, असं म्हणणारेही आहेत. खडकांतला क्रम आणि वंशवृक्षातला क्रम दर वेळी जुळत नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. माझा कल पहिल्या बाजूला आहे. दोन-एक-दोन ही मांडणी मुद्दाम काढलेल्या नक्षीसारखी दिसत नाही, तडजोडीसारखी दिसते.

अरीय आराखडा एका जागी बसणाऱ्याला सोयीचा. अन्न कुठूनही येईल, धोका कुठूनही येईल, मग तोंड एका दिशेला का ठेवा? सागरलिली आजही देठावर उभी राहून हात पसरते. पण वंशजांनी देठ सोडला, चालायला लागले, आणि चालणाऱ्याला दिशा लागते. इथे प्रत्येकानं आपापली वाट काढली. समुद्रकाकडी चक्क कुशीवर झोपली: नलिकापादांच्या पाच रांगांतल्या तीन खाली, दोन वर, तोंड पुढे, शेपूट मागे. (श्वास मागच्या दारानं घेते, पण तो वेगळा विषय.) अर्चिनच्या एका शाखेनं ज्युरासिकच्या सुरुवातीला वाळूत घुसायला सुरुवात केली, आणि माथ्यावरचं गुदद्वार सरकत सरकत मागे गेलं. त्यातून हृदयाच्या आकाराचे अर्चिन आले, पुढे नाण्यासारखे चपटे सँड डॉलर आले. सँड डॉलर हातात घेऊन पाहा: वर पाच पाकळ्यांची नक्षी जशीच्या तशी, आणि उलटा केला की तोंड मधोमध पण गुदद्वार एका कडेला. त्याला पुढचं आहे, मागचं आहे. चालायला लागल्यावर दोन बाजू परत आल्या, पाचाच्या अंगावरच.

याचा आपल्या भागातला पुरावा समुद्रापासून लांब आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ गाव आहे, लेण्यांसाठी प्रसिद्ध. नर्मदेच्या खोऱ्यातल्या तिथल्या चुनखडकाच्या थरांना भूशास्त्रात बाघचे थर म्हणतात. क्रिटेशियस काळात पश्चिमेकडून समुद्र त्या खोऱ्यात शिरला होता, त्याचे हे अवशेष. आणि त्यात हेमिॲस्टर नावाचे हृदयाकृती अर्चिन मिळतात. त्या थरांच्या वर आपला काळा कातळ, डेक्कन ट्रॅप, येऊन बसलेला आहे. सह्याद्री घडवणारा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कितीतरी आधी इथल्या चिखलात पाच पाकळ्यांचे, पण पुढचं-मागचं ठरलेले प्राणी एका दिशेनं सरकत होते.

राहिला ‘पाचच का’. ॲरिस्टॉटलनं अर्चिनचे पाच दात आणि पाच अंडाशय मोजले होते, आणि पाचच का हा प्रश्नही विचारला होता. त्या दातांच्या यंत्रणेला आजही ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. उत्तरं तेव्हापासून येताहेत. एक असं की कवचाचे तुकडे विषम संख्येत असले तर एका सांध्यासमोर दुसरा सांधा येत नाही, भक्कम तुकडा येतो, त्यामुळे कवच सरळ रेषेत तडकत नाही. पटण्यासारखं आहे, पण मग तीन का नाहीत, सात का नाहीत? शिवाय पाच हातांच्या जातीत अधूनमधून चार किंवा सहा हातांचा तारामासा निघतो, आणि तो सुखानं जगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या लुइडिया मॅक्युलाटाला तर सात ते नऊ हात असतात. प्रौढाच्या सोयीनं पाच टिकले असते तर एवढी सूट मिळाली नसती. म्हणून मला वाटतं उत्तर त्या डाव्या पिशवीतच शोधायला हवं, तिला कोंब फुटतात त्या काही दिवसांत.

आणि तिथलं एक उदाहरण मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा सूर्यफूल तारामासा, पिक्नोपोडिया, मोठेपणी वीस-चोवीस हातांचा. पण तो सुरुवात पाचांनीच करतो. मग सहावा फुटतो. त्यानंतर नवे हात कुठेही येत नाहीत. सहाव्याच्या दोन अंगांना, एक इकडे एक तिकडे, जोडीजोडीनं येत राहतात. सहाव्या हातातून रेघ काढली तर वाढ तिच्या दोन्ही बाजूंना सारखी. २०१३ पासूनच्या रोगात या जातीतले नव्वद टक्क्यांहून अधिक तारामासे संपले, आणि त्या रोगाचा जंतू २०२५ मध्ये ओळखला गेला. वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत आता ते अंड्यापासून वाढवतात. तेव्हा डाव्या पिशवीतून पाच, पाचांतून सहावा, आणि सहाव्यापासून पुन्हा दोन-दोन, हा अख्खा प्रवास आता काचेच्या टाकीत रोज पाहता येतो.